सासूबाईंच्या मनगटावरचे तीन डोंगर

माणूस खोटं बोलतो, शरीर बोलत नाही!

हे वाक्य माझं स्वतःचं आहे. मी मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. हे वाक्य मी लिफ्टमध्ये ऐकवलंय, लोकांच्या वाढदिवसाला ऐकवलंय, एकदा तर तोंडात कापूस असताना दातांच्या डॉक्टरलाही ऐकवलंय. (तो "हो हो" म्हणाला. म्हणजे त्याला पटलं असावं.) तुम्ही रागावला नाहीत म्हणा, घाबरला नाहीत म्हणा, काय वाटेल ते म्हणा! तुमची नाडी पळते, तळहात ओलावतात, आणि ते मोजायला आम्ही बसलेलोच असतो!

तर आमच्याकडे नवे बँड आले. घड्याळासारखे दिसणारे, पण वेळ न सांगणारे. आतल्या बाजूला एक हिरवा दिवा, तो नाडी मोजणार. शेजारी धातूचे दोन चकचकीत ठिपके, ते घाम मोजणार. घाम आला की त्वचेतून वीज जरा सहज जाते आणि तेवढ्यावरून माणूस आतून किती हललाय ते कळतं. हेच काम करणारं एक जुनं यंत्र आमच्याकडे आहे. बोटांना वायरी लावायच्या आणि खुर्चीत पुतळ्यासारखं बसून राहायचं. त्या यंत्रावर सगळ्यांचा विश्वास. पण पुतळ्याला भावना त्या किती असणार? खरी माणसं खऱ्या घरात वावरताना कशी हलतात, ते आता या बँडवरून कळणार होतं!

"कळणार की नाही, तेच तुला शोधायचंय," आमच्या मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे माझ्या गाइड. त्या हसतात वर्षातून एकदा, तेही दुसऱ्याच्या चुकीला. "बँडवर विसंबता येतं का, हा प्रश्न आहे. उत्तर आधीच ठरवून बसू नकोस."

"छे छे, मॅडम!" मी म्हणाले आणि उत्तर आधीच ठरवून बसले.

माणसं हवी होती साठीच्या पुढची. मिळाली पण टिकली नाहीत. एका आजींना बँड टोचला, एका आजोबांनी तो काढून मांजराला बांधला. (मांजर अतिशय चिंताग्रस्त निघालं.) शेवटी मी घरातच पाहिलं. घरात माझे सासू-सासरे, दोघेही साठीच्या पुढचे, दोघेही धडधाकट आणि दोघेही मला नाही न म्हणणारे!

सासरे वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. ते बाजारात शिरले की दुकानदारांचे तराजू आपोआप सरळ होत, असं ते स्वतः सांगतात. त्यांनी बँड उलटासुलटा करून पाहिला.

"याच्यावर शिक्का कुठाय?"

"बाबा, विद्यापीठाचं यंत्र आहे!"

"असं का? मग ठीक."

बघा! आयुष्यभर ज्यांनी किलोच्या वजनावर कधी विश्वास ठेवला नाही, त्यांनी माझ्या एका वाक्यावर ठेवला! मला भरून आलं. आता मागं वळून पाहते तर त्यांनी तेव्हा मला धरून चांगलं झापायला हवं होतं.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, "टोचणार नाही ना?" आणि हात पुढे केला.

"फक्त एक करायचं आई, अंघोळ करताना आणि भांडी घासताना काढून ठेवायचा."

"ठेवीन," त्या म्हणाल्या आणि खरंच ठेवत होत्या. भांडी घासायला निघाल्या की बँड काढून फ्रिजवर, भांडी झाली की परत मनगटावर. इतक्या प्रामाणिक माणसाकडून आलेली माहिती चुकेल कशी?

आठवडा झाला. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी दोघांचे ग्राफ हॉलमधल्या टीव्हीवर लावले. एकाचा ग्राफ दुसऱ्याला दाखवायचा नसतो हा आमच्या कामातला पहिला नियम. पण घरात कसले नियम? शिवाय मला थोडं कौतुक करून घ्यायचं होतं. नवरा सोफ्यावर पडला होता, सासरे खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ ओढून बसले होते, सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

सासऱ्यांचा ग्राफ म्हणजे करवतीचे दात! बातम्या लागल्या की दात, शेजाऱ्यानं गाडी वाकडी लावली की दात. सासरे खूश झाले.

"जिवंत माणसाचा ग्राफ आहे," ते म्हणाले. "आता हिचा लाव."

मी सासूबाईंचा लावला. सपाट! सकाळ सपाट, दुपार सपाट, फोनवर नणंदबाईंशी तासभर बोलणं सपाट. इस्त्री केलेल्या चादरीसारखी रेष! फक्त मधेच तीन उंच डोंगर. असे उभे, की चढायला दोर लागावा!

"हे काय आहे?" सासऱ्यांनी चष्मा सारखा केला.

इथं मी घसा खाकरला. मला आमच्या विषयातला अचूक शब्द वापरायचा होता, आणि तो मी वापरला.

"ही आईंची भावनिक उत्तेजना!"

नवरा सोफ्यावर उठून बसला. सासूबाईंच्या हातातली उशीची खोळ अर्धी घडी होऊन थांबली.

"कसली?" त्या म्हणाल्या.

"म्हणजे आई, मन खूप हललं की..."

"कधी हललं?" सासऱ्यांनी विचारलं. आवाज तपासणीला आल्यासारखा.

"पहिला डोंगर मंगळवारी दुपारी, दुसरा गुरुवारी, तिसरा काल सकाळी."

सासरे विचार करू लागले. त्यांची स्मरणशक्ती दांडगी, तीच नडली. "मंगळवारी दुपारी प्लंबर आला होता. सिंकचा नळ गळतोय म्हणून." मग जरा थांबून, "गुरुवारी तो परत आला होता. आणि काल..."

"काल पण आला होता," सासूबाई सहज म्हणाल्या. "चांगला आहे बिचारा. बोलावलं की लगेच येतो."

त्या घड्या घेऊन आत गेल्या. सासरे टीव्हीकडे बघत राहिले.

"सूनबाई, बुधवारी संध्याकाळी मी हिला तेलाच्या गोदामावरच्या धाडीची हकिगत सांगत होतो. चांगली रंगवून. तेव्हाचं दाखव."

मी दाखवलं. रेष सपाट. इतकी सपाट, की तिच्यावर कॅरम खेळता आला असता!

"असं," सासरे म्हणाले. उठले. बाल्कनीत गेले आणि कुंड्यांकडे बघत उभे राहिले.

"अगं, हे काय केलंस?" नवरा कुजबुजला.

"मी काय केलं? मी फक्त मोजलं!"

दुसऱ्या दिवशी सासरे सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. निवृत्तीनंतर ते दिवसाआड दाढी करत. "कुठे निघालात?" सासूबाईंनी विचारलं. "कुठे नाही," ते म्हणाले आणि स्वयंपाकघरात ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसले. नळ पुन्हा गळायला लागला होता आणि प्लंबर यायचा होता.

प्लंबर आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, कानावर पेन्सिल. कुणाचंही हृदय हलावं असं त्याच्यात काही दिसेना. पण तो काम करता करता गुणगुणायचा, आणि ते मात्र सुरात. ते ऐकून सासऱ्यांचा चेहरा पडला.

"बरं गाता हो," ते म्हणाले.

"सवय आहे काका. हात चालतो मग."

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि मुलगा. बायको जाऊन चार वर्षं झाली."

सासऱ्यांना चहाचा घोट घशात अडकून इतका जोराचा ठसका लागला, की प्लंबरच सिंकखालून बाहेर येऊन त्यांच्या पाठीवर थापट्या मारू लागला! सासूबाई पाणी घेऊन धावल्या. सासऱ्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पाणी नको म्हणून सांगितलं.

मग ते बाहेर येऊन मला म्हणाले, "सूनबाई, तराजूला पारडी दोन असतात. एक पारडं मोजून वजन कळत नाही."

"म्हणजे?"

"एक बँड त्यालाही बांध."

आता तुम्ही म्हणाल, मी नाही म्हणायला हवं होतं. हो, म्हणायला हवं होतं! पण मला माणसं कमी पडत होती आणि एक बँड नुसता पडून होता. मी प्लंबरला विचारलं.

"ताई, घड्याळ मला मिळणार का?"

"नाही, परत द्यायचं."

"असू दे. बांधा."

तो परत सिंकखाली शिरला. सासूबाई नेहमीप्रमाणे बॅटरी धरून त्याच्या शेजारी वाकल्या, दुसऱ्या हातानं खाली बादली सरकवत. "इकडे उजेड द्या काकू... अजून खाली... हां!" सासरे खुर्चीत बसून हे "हां" ऐकत होते.

काम संपवून प्लंबर गेला. मी बँड घेऊन टेबलाशी बसले, दोघांचे ग्राफ एकाखाली एक लावले आणि ओरडलेच!

"अगं बाई!"

नवरा धावत आला. "काय झालं?"

"हे बघ! आईंचा डोंगर आणि प्लंबरचा डोंगर! एकाच क्षणी चढलेत, एकाच क्षणी उतरलेत! दोन शरीरं एका सुरात! अरे, असं दिसायला लोक वर्षानुवर्षं मरमर मरतात! हा शोधनिबंध आहे, शोधनिबंध!"

"ही माझी आई आहे!" नवरा म्हणाला.

"तुला विज्ञानातलं काही कळत नाही!"

"मला एवढंच कळतंय, की तू माझ्या आईबापांचं लग्न मोडतेयस!"

मागं काहीतरी खुट्ट झालं. सासरे दारात उभे होते. त्यांनी दोन्ही डोंगर पाहिले. आपल्या मनगटावरचा बँड काढून टेबलावर ठेवला आणि आत गेले.

त्या दिवसापासून सासरे भांडले नाहीत, चिडले नाहीत. त्याहून वाईट केलं. सभ्य झाले!

जन्मभर ते सासूबाईंना "अगं ए" म्हणत आले होते. आता "जरा मीठ देता का?" म्हणू लागले. मीठ मिळालं की "थँक्यू." स्वतःचं ताट स्वतः उचलू लागले. बातम्या आवाज बंद करून बघू लागले. धाडीची हकिगत तर बंदच झाली.

सासूबाई घाबरल्या. दोन दिवस त्यांनी हे सगळं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला गॅलरीत गाठलं.

"खरं सांग मला. ह्यांच्या त्या ग्राफमध्ये काय निघालंय?"

"काही नाही आई!"

"लपवू नकोस. काल मला 'तुम्ही दमलात का' म्हणाले. मला! 'तुम्ही'! माणूस असा कधी बोलतो? त्यांना कळलंय म्हणून बोलतायत." त्यांचा आवाज फाटला. "हृदयाचं आहे ना?"

"आई, त्यांचं हृदय चांगलं आहे!"

"मग बँड काढून का ठेवला त्यांनी? बघवत नसेल म्हणूनच ना?"

मी काय सांगणार? की तुमच्या नवऱ्याला वाटतंय, तुमचं मन प्लंबरवर जडलंय आणि ते मीच सिद्ध केलंय? मी चूप बसले. माझं चूप बसणं त्यांनी ग्राफसारखंच वाचलं, म्हणजे पूर्ण चुकीचं.

संध्याकाळपासून घरात पथ्य सुरू झालं. तेल बंद, मीठ नावाला, उकडलेल्या भाज्या आणि पाण्यासारखं सूप. नणंदबाईंना फोन गेला. नणंदबाईंनी मला फोन करून विचारलं, "किती दिवस म्हणतायत?" सासऱ्यांना वाटलं, बायकोनं आपल्यासाठी चवीचं करणंही सोडलं. ते ते सूप मान खाली घालून पीत आणि म्हणत, "छान झालंय, थँक्यू." ते ऐकून सासूबाई पदर डोळ्यांना लावत आत जात. सासरे समजत, पश्चात्ताप होतोय!

नवरा माझ्याशी बोलत नव्हता. बोलला तर एकच वाक्य. "मोजून झालं का?"

मी मात्र मॅडमना सगळं सांगितलं होतं. म्हणजे विज्ञानाचं तेवढं. दोन व्यक्ती, एकाच क्षणी उसळलेली रेष! मॅडमनी माझे ग्राफ बराच वेळ पाहिले.

"त्या वेळी ही दोन माणसं काय करत होती?"

"स्वयंपाकघरात होती, मॅडम."

"स्वयंपाकघरात काय करत होती?"

"नळ दुरुस्त."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "मला ते स्वयंपाकघर बघायचंय," त्या म्हणाल्या. "शनिवारी येते."

शनिवारी मॅडम बरोबर ठरल्या वेळी आल्या. त्यांना पाहून सासूबाईंची खात्रीच पटली, की मोठ्या डॉक्टरीणबाई घरी आल्या म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं! मॅडमनी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला. सासूबाईंच्या मनगटावर बँड होताच, त्याची रेष पडद्यावर सरकू लागली. सपाट.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ठण्ण असा आवाज आला.

सासऱ्यांनी ठरवलं होतं, की या घरात पुन्हा प्लंबर येणार नाही. पुन्हा गळायला लागलेला नळ ते स्वतः दुरुस्त करणार! त्यांनी पाना कुठून पैदा केला कोण जाणे. सिंकखाली शिरून त्यांनी सगळी ताकद लावली आणि नळाचा जोड फिरवला. फक्त त्याआधी पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करायचा असतो, एवढं राहिलं.

पाणी कसं उडालं म्हणता! अग्निशमन दलाच्या बंबासारखं! आधी सासऱ्यांच्या तोंडावर, मग फळीवरच्या डब्यांवर, मग छतावर, छतावरून परत सासऱ्यांवर! सासूबाई "अहो!" म्हणून ओरडत धावल्या आणि त्यांनी पाइपच्या तोंडावर दोन्ही तळहात दाबून धरले. त्यांना वाटलं, ह्यांच्या हृदयावर ताण येईल!

"तुम्ही बाजूला व्हा! तुम्हाला श्रम नकोत!"

"तुम्हीच बाजूला व्हा! मी समर्थ आहे!"

"अहो, तुमचं हृदय!"

"माझ्या हृदयाची काळजी आता कशाला?"

नवरा व्हॉल्व्ह शोधायला जिन्याकडे पळाला. मी टॉवेल घेऊन धावले, घसरले, आणि सिंकपर्यंत बसल्या बसल्याच पोचले. पाण्याचा आवाज, दोघांचा आरडाओरडा, आणि या सगळ्यात जेवणाच्या टेबलापासून मॅडमचा शांत आवाज.

"इकडे ये. हे बघ."

मी उठून तशीच निथळत गेले. पडद्यावर सासूबाईंची रेष उभीच्या उभी वर गेली होती. डोंगर! तोच डोंगर, उंची तीच!

"मंगळवारी असाच होता?"

"हो मॅडम."

"आणि गुरुवारी?"

नवऱ्याला व्हॉल्व्ह सापडला, पाणी थांबलं. घरात फक्त टपटप आवाज राहिला. मॅडम उठल्या, प्लंबरला बांधला होता तो रिकामा बँड त्यांनी उचलला, ओट्यावरचा भांडी घासायचा स्पंज घेतला, पाण्यात बुडवला आणि बँड त्या स्पंजाला बांधला. लॅपटॉपवर नवी रेष उमटली. जरा थरथरली आणि सूऽऽं करत वर!

"भावनिक उत्तेजना," मॅडमनी वाचलं. "अत्युच्च."

"नाडी बहात्तर," मॅडम पुढं वाचू लागल्या. "हा स्पंज कुणाच्या प्रेमात पडलाय, काही सांगू शकशील?"

"मी आईंना सांगितलं होतं मॅडम, भांडी घासताना काढून ठेवायचा म्हणून..."

"मी ठेवतेच!" सासूबाई आतून म्हणाल्या. "भांडी घासताना ठेवते. प्लंबरला बॅटरी धरताना ठेव, असं कुठं सांगितलं होतंस? तिथं तर पाणी नुसतं अंगावर उडतं! त्या मेल्याला चार-चारदा येऊन एक वॉशर नीट बसवता येत नाही!"

सासरे जमिनीवर बसले होते. कपाळावरचे केस चिकटलेले, शर्टाची इस्त्री संपलेली.

"म्हणजे ते डोंगर..." ते म्हणाले, "पाण्याचे?"

"पाण्याचे," मॅडम म्हणाल्या.

"तुम्हाला कशाचे वाटले होते?" सासूबाईंनी विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं. शेवटी सांगितलं त्यानंच, अगदी थोडक्यात. सांगून दोन पावलं मागं सरकला.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आजारी नाही?"

"मी? मी कशाला आजारी असेन?"

"मग इतके दिवस उकडलेला दुधी कुणासाठी शिजवला मी?" आणि मग त्यांना दुसरा अर्धा भाग पोचला. "प्लंबर? अहो, प्लंबर? तुम्हाला काही... अहो, या वयात मी... प्लंबर!" त्या चिडल्या आहेत की हसताहेत ते कळेना. हातात ओला टॉवेल होता, तो त्यांनी सासऱ्यांच्या डोक्यावर टाकला आणि वरून खसाखसा पुसायला लागल्या. जरा जास्तच जोरात. "थँक्यू म्हणे! मीठ देता का म्हणे!"

"अगं ए, हळू!" सासरे टॉवेलखालून ओरडले.

इथं संपायला हरकत नव्हती. पण टॉवेल निघाला आणि सासऱ्यांना एक शंका आली. ते मॅडमसमोर जाऊन बसले.

"बाई, डोंगरांचं समजलं. पण मी हकिगत सांगतो तेव्हा ती रेष सपाट का?"

"कोरडी त्वचा असली की मनगटावर बऱ्याचदा काहीच पकडलं जात नाही," मॅडम म्हणाल्या. "बोटांवर येतं, मनगटावर येत नाही. बँडच्या भरवशावर काही सांगता यायचं नाही."

"मग बोटांवर मोजा!"

"बाबा, राहू दे ना आता," मी म्हणाले.

"तू गप्प बस," सासरे, नवरा आणि मॅडम तिघेही एकदम म्हणाले.

म्हणून पुढच्या आठवड्यात दोघं आमच्या प्रयोगशाळेत आले. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, बोटांना वायरी लावल्या, जुनं यंत्र सुरू केलं. मॅडमनी त्यांच्या मागं एक जाड पुस्तक धप्पकन आपटलं. सासूबाई दचकल्या, रेष टुणकन वर. यंत्र उत्तम होतं!

"आता बोला," मॅडम सासऱ्यांना म्हणाल्या.

सासरे समोर बसले. सुरुवातीला सुचेना. मग म्हणाले, "या खोलीतल्या खुर्च्या एका उंचीच्या नाहीत." रेष सपाट. मग यायच्या रस्त्यावरच्या सिग्नलबद्दल बोलले. सपाट. मग आवाज खाली आणून, आमच्याकडे चोरून बघत, "हा रंग तुला शोभतो," म्हणाले. त्यांच्या तोंडून असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं!

"जुनाच आहे," सासूबाई म्हणाल्या. सपाट.

सासऱ्यांना पडद्यावरचं कळत होतं. ते उठले. "पाणी पिऊन येतो," म्हणाले आणि बाहेर गेले.

आम्ही थांबलो. मॅडम काहीतरी लिहीत होत्या. थोड्या वेळानं सासूबाई दाराकडे पाहू लागल्या.

"पाणी लांब आहे का गं?"

"नाही आई, इथंच आहे."

"मग आले कसे नाहीत? या तुमच्या इमारतीत सगळी दारं सारखी." त्यांनी टेबलाकडे पाहिलं. "चष्मा पण इथंच ठेवून गेलेत. चष्म्याशिवाय त्यांना पाटी वाचता येत नाही. जिना दिसेल ना त्यांना?"

मॅडमनी लिहिणं थांबवून मला कोपरानं ढोसलं. मी पडद्याकडे पाहिलं. रेष चढत होती. धक्का नाही, उसळी नाही, पण एकसारखी वर वर वर! "जरा बघून येतेस का?" सासूबाई म्हणाल्या. रेष आणखी वर. मी उठणार, तेवढ्यात बाहेर चपलांचा आवाज आला, दार उघडलं आणि सासरे आत आले.

"चुकून खालच्या मजल्यावर गेलो," ते म्हणाले. "खाली कसलंतरी उंदरांचं चाललंय."

सासूबाईंनी चष्मा त्यांच्या हातात दिला. पडद्यावरची रेष उतरू लागली. उतरत उतरत जागेवर आली आणि पुन्हा सपाट होऊन पडली, अगदी निवांत.

मला काय वाटलं, ते मी मॅडमसमोर बोलणार नाही.

"काय आलं?" सासऱ्यांनी चष्मा चढवत विचारलं.

"बाबा," मी म्हणाले, "तुम्ही समोर असलात की रेष शांत असते. तुम्ही बाहेर गेलात, की चढते!"

सासऱ्यांनी यावर नीट विचार केला. चेहरा हळूहळू गंभीर झाला.

"म्हणजे मी गेलो," ते म्हणाले, "की हिला आनंद होतो?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.

"हो, होतो," सासूबाई म्हणाल्या. "चला आता घरी, भूक लागलीय."

वायरी अजून त्यांच्या बोटांना होत्या. रेष जराही हलली नाही.